कोकणातील खाड्यांचे होडीमार्ग आणि गाळाचे व्यवस्थापन

प्रस्तावना

कोकणातील बहुतेक लहान बंदरे खाड्यांच्या काठी वसलेली आहेत. खाडीतील होडीमार्ग उथळ झाला की मच्छीमारांना भरतीची वाट पाहावी लागते, मासळी बाजारात उशिरा पोहोचते आणि मुखावरील वाळूच्या दांड्यावर होडी आदळण्याचा धोका वाढतो. उपसा करूनही हे मार्ग पुनःपुन्हा का भरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

राजापूरचा दाखला

सतराव्या शतकात राजापूर हे भरभराटीचे बंदर होते व तेथे इंग्रजांची वखार होती. पुढे खाडी गाळाने भरत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या धक्क्यापासून सुमारे ३ मैलांच्या आत मोठी गलबते येऊ शकत नव्हती. बंदराचे महत्त्व ओसरले, ते असे.

गाळ साचण्याची कारणे

कोकणातील नद्या आखूड व तीव्र उताराच्या आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या सह्याद्रीच्या उतारावरील माती वाहून आणतात. चिकणमातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात, जड होतात व तळाशी बसतात. मुखाशी समुद्राच्या लाटा वाळू आणून टाकतात. हा गाळ बाहेर नेण्याचे काम मुख्यतः ओहोटीचा प्रवाह करतो. त्याची शक्ती भरतीच्या वेळी खाडीत किती पाणी सामावते यावर अवलंबून असते. खाजणांना बांध घातले किंवा कांदळवनात भराव टाकला, तर हे पाणी घटते, ओहोटी क्षीण होते व मार्ग उथळ होतो. मात्र याच बांधांमुळे खारभूमीतील भातशेती टिकून आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही. त्यात शेतकरी व मच्छीमार या दोघांचेही हितसंबंध गुंतलेले आहेत.

उपाययोजना

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोलीची मोजणी केल्यास गाळ कोठे व किती साचतो हे कळते. पावसाळ्यापूर्वी उपसलेला मार्ग त्याच हंगामात पुन्हा भरू शकतो. म्हणून नौकानयनासाठीचा उपसा पावसाळा ओसरल्यावर करणे अधिक लाभदायक ठरते. उपसलेला गाळ काठावरच टाकल्यास तो पावसात परत खाडीत येतो. मुखाशी बांधलेल्या भिंती प्रवाह एकवटून मार्ग खोल ठेवू शकतात. परंतु त्यांमुळे शेजारच्या किनाऱ्याची धूपही होऊ शकते. म्हणून बांधकामापूर्वी प्रतिकृतीवर चाचणी घेणे आवश्यक असते. १९१६ मध्ये स्थापन झालेले, पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र अशा प्रकारचे अभ्यास करते.

निष्कर्ष

उपसा हा आवश्यक, परंतु तात्पुरता उपाय आहे. पाणलोटक्षेत्रात मृदसंधारण आणि खाडीत भरतीच्या पाण्याला मोकळी जागा, या दोन गोष्टी साधल्याशिवाय उपशाचा खर्च दरवर्षी वाढतच जाईल.