ढोलकीचा पासपोर्ट

बालमित्रांनो, आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेचं गाणारं पथक परदेशी निघालंय, असं समजा. गाणी ठरली. पोहरादेवीला वाजतो तसा नगाराही हवाच! पण पहिली तालीम कागदांची बरं का. लहान असलात तरी पासपोर्ट प्रत्येकाचा वेगळा, आणि त्याला आई-बाबा दोघांची संमती लागते. तांड्यावरच्या गोड गळ्याच्या मुलीचे आई-बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, तर तिचंच गाणं अडायचं! मी तर अर्ज दिवाळीआधीच भरून घेईन.

ढोलकीला पासपोर्ट नसतो; पण जकात न भरता वाद्यं नेऊन परत आणायला ‘कार्ने’ नावाचा कागद पुष्कळ देशांत चालतो. आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते. त्यात ढोलक्या किती, टाळ किती, सगळं लिहायचं. नेले तेवढे टाळ परत आलेच पाहिजेत. मोजायचं काम कोण घेतंय?