महोत्सवांतला चित्रपट कसा पाहावा

चित्रपट-महोत्सवाच्या सभागृहांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडीं एक प्रश्न हटकून ऐकूं येतो: "यांतून सांगायचें तरी काय होतें?" प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. नेहमींचा चित्रपट आपल्याला बोट धरून नेतो. कोठें हसावें, कोठें डोळे टिपावे, हें पार्श्वसंगीतच सांगून ठेवतें. स्वतंत्र चित्रपट, म्हणजे बड्या निर्मितिसंस्था व नामांकित नटनट्या यांच्या आधारावांचून काढलेला चित्रपट, हें बोट पुष्कळदां सोडून देतो.

असले चित्रपट आपल्याला अगदींच नवे नाहींत. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ सालीं मुंबईंतच भरला होता. डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' व कुरोसावा यांचा 'राशोमोन' हे चित्रपट लोकांनीं तेथें पाहिले. परंतु उदाहरणासाठीं इतक्या दूर जावयास नको. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घेऊं. २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत 'ओरिझोंती' विभागांतला तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

कथानक थोडकें आहे. मुंबईंतला वृद्ध शाहीर नारायण कांबळे याचें गाणें ऐकून एका सफाई कामगारानें गटारांत जीव दिला, असा आरोप ठेवून त्याला अटक होते. खटला चालतो, तारखा पडत राहतात. कॅमेरा बहुधा दूर, एका जागीं उभा. मृताची विधवा साक्ष देते: नवरा उतरण्यापूर्वीं खडा टाकून पाही; झुरळें बाहेर आलीं तर आंत श्वासापुरती हवा आहे असें समजे. हें ती कोरड्या आवाजांत सांगते, आणि तेव्हां एकही व्हायोलिन रडत नाहीं. पुढें सरकारी वकीलबाई लोकलनें घरीं जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जातात. बचावाचे वकील (हें काम निर्माते विवेक गोम्बर यांनींच केलें आहे) मोटारींतून जाऊन चीज आणि मद्य घेऊन येतात. येथें प्रेक्षक चुळबुळूं लागतो. हें मध्येंच कशाला? पण हीं माणसें दुष्ट नाहींत, आपल्यासारखींच आहेत, हें पाहिल्यावांचून त्या न्यायालयाचें वागणें कळत नाहीं.

एका दिवसांत पांच चित्रपट पाहण्याची कांहींना हौस असते. माझा अनुभव असा कीं, तिसऱ्याच्या सुमारास पहिला पुसला जातो. माहितीपत्रकांतला सारांशही मी तरी अगोदर वाचीत नाहीं. दिग्दर्शक भेटलाच तर "अर्थ काय?" म्हणण्यापेक्षां "कॅमेरा तेथेंच कां थांबला?" असें विचारावें, उत्तर बहुधा अधिक चांगलें मिळतें.

'कोर्ट'च्या अखेरीस उन्हाळ्याची सुटी लागते. शाहिराला जामीन नाहीं. दिवे एकेक करून मालवले जातात, दार बंद होतें, पडदा काळा होतो. येथेंच पुष्कळजण पिशवी उचलतात. चित्रपट मात्र पुढें चालूच राहतो. न्यायाधीश आप्तांसह सहलीला गेले आहेत. बागेंतल्या बाकावर त्यांना डुलकी लागते. मुलें जवळ येऊन एकदम ओरडतात. ते दचकून उठतात व हातीं लागलेल्या मुलाला चपराक मारतात. तें मूल रडत निघून जातें, आणि न्यायाधीश पुन्हां डोळे मिटतात. कोणी यांत सत्तेचें रूपक पाहतात, कोणी नुसता विनोद. मला मात्र ओरडणारीं मुलें किती होतीं, आणि मार कोणाला बसला, हें मोजावेंसें वाटतें. शाहीर त्या वेळीं कोठडींतच आहे.