कॅमेऱ्याची स्क्रीन फिकट पडली? बदलण्याआधी एवढं वाचा

निकॉनने ऑगस्ट २००७ मध्ये डी ३ आणि डी ३०० जाहीर केले. पुढच्याच वर्षी डी ७०० आणि कॅननचा ५ डी मार्क टू आले. या पिढीच्या कॅमेऱ्यांना मागे तीन इंची, सुमारे ९ लाख २० हजार बिंदूंची स्क्रीन होती, आणि त्या काळी ती पाहून फोटोग्राफर हरखून गेले होते. आज या बॉडीजना दीड तप उलटलं. बांधणी दणकट असल्याने लग्नाच्या कामात त्यातल्या कितीतरी अजून रोज वापरात आहेत. डी ३ चं शटर तर ३ लाख उघडझापांच्या कसोटीला उतरलेलं होतं. पण शटर टिकतं आणि स्क्रीन म्हातारी होते: पिवळसर पडते, मंद होते, कोपऱ्यात डाग धरते. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं कॅमेरा संपला, कोणी म्हणतं ऑनलाइन स्क्रीन मागवून घरीच बसव. ज्याचं घर या कॅमेऱ्यावर चालतं, त्याला चुकीचं निदान दोनदा महागात पडतं: एकदा दुरुस्तीच्या बिलात आणि एकदा हातच्या कामात. म्हणून नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज: स्क्रीन फिकट झाली म्हणजे सेन्सर उतरला, आता फोटोही फिकट येणार.

वस्तुस्थिती: फोटो सेन्सर टिपतो आणि तो कार्डावर लिहिला जातो. स्क्रीन तो फक्त दाखवते. कार्ड कॉम्प्युटरला लावून बघा, किंवा कॅमेरा एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र स्वच्छ दिसलं तर सेन्सर आणि आतलं सर्किट ठीक आहे, दोष स्क्रीनपुरताच आहे.

खरा धोका वेगळाच आहे. मंद स्क्रीनवर प्रत्येक फोटो अंधारा वाटतो, म्हणून हात आपोआप एक्सपोजर वाढवतो. भर मांडवात नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याची वीण आणि मुंडावळ्यांचे मोती ओव्हर जातात. जेपेगमध्ये ते परत मिळत नाहीत, रॉमध्येही एका मर्यादेपर्यंतच मिळतात. फिकट स्क्रीनवरही हिस्टोग्राम मात्र खरं सांगतो, कारण तो स्क्रीनच्या उजेडावरून नाही, फोटोतल्या आकड्यांवरून काढलेला असतो. स्क्रीन दुरुस्त होईपर्यंत हिस्टोग्राम आणि हायलाइट वॉर्निंग सुरू ठेवा, आणि चित्राच्या उजेडावरून निर्णय घेऊ नका.

गैरसमज: फिकट दिसते म्हणजे पॅनेलच गेलं.

वस्तुस्थिती: मागची स्क्रीन ही एक काच नसते, ते एकावर एक बसवलेले थर असतात. बाहेरून आत जाताना आधी संरक्षक आवरण, मग लेप दिलेली काच, पोलरायझर, द्रवस्फटिकाचा थर, पुन्हा पोलरायझर, उजेड सारखा पसरवणारे पडदे आणि शेवटी एलईडीचा बॅकलाइट. यातला कुठलाही थर बिघडला तरी आपण एकच वाक्य बोलतो: स्क्रीन गेली.

म्हणून तपासणी बाहेरून आत करत जावी. डी ३०० सोबत बीएम-८ आणि डी ७०० सोबत बीएम-९ नावाचं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण येत असे. वर्षानुवर्षं ओरखडे आणि घाम खाऊन तेच धुरकट होतं. ते नुसतं खिटीवर बसतं, काढायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. आधी ते काढून बघा. वर फिल्म किंवा टेम्पर्ड ग्लास लावली असेल तर तीही काढा. मग मेन्यूत ब्राइटनेस कोणी खाली आणून ठेवलाय का ते पाहा. डी ४ एस, डी ८१० आणि डी ८५० सारख्या मॉडेलांत स्क्रीनच्या रंगाचा तोल बदलण्याची वेगळी सोय आहे. हिरवट किंवा पिवळट झाक तिथेच सुधारू शकते. आणि डोळ्यांवरचा पोलराइज्ड गॉगल उतरवून बघा. त्यातून पाहिलं तर चांगली स्क्रीनही एखाद्या कोनात काळी पडते.

एवढं करूनही स्क्रीन पूर्ण अंधारी दिसत असेल तर कॅमेरा सुरू ठेवून टॉर्चचा उजेड तिरका टाका. मेन्यूची अक्षरं पुसटशी दिसली तर पॅनेल जिवंत आहे आणि बॅकलाइट किंवा त्याचा पुरवठा बंद पडलाय. ही माहिती कारागिराला आधीच दिलीत तर निम्मी शोधाशोध वाचते.

गैरसमज: बॅटरी जुनी झाली की स्क्रीन मंद होते.

वस्तुस्थिती: बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तरी आतलं सर्किट स्क्रीनला ठरलेलाच पुरवठा देतं. बॅटरी थकली की कॅमेरा लवकर बंद होतो, स्क्रीन हळूहळू फिकी पडत नाही. नवी बॅटरी घेऊन हा दोष जाणार नाही.

गैरसमज: वरची छोटी स्क्रीन आणि मागची मोठी, दोन्हींचा आजार एकच.

वस्तुस्थिती: वरची स्क्रीन एकरंगी असते आणि बाहेरच्या उजेडावर वाचता येते, दिव्याचं बटण फक्त अंधारासाठी. कडक थंडीत तिचे आकडे रेंगाळतात, फार उन्हात ती काळपट होते, आणि तापमान सामान्य झालं की पूर्ववत होते. अशा वेळी दुरुस्तीला धावू नका. पण एखाद्या आकड्याची एकच रेघ कायमची गायब झाली असेल तर बहुतेकदा दोष काचेत नसून जोडणीत असतो. अशा काही स्क्रीन रबराच्या पट्टेदार जोडपट्टीने सर्किटला टेकलेल्या असतात. ती पट्टी आणि तिची जागा साफ करून नीट बसवली की पुष्कळदा काम भागतं.

गैरसमज: स्क्रीन फक्त वापराने झिजते. कमी वापरला तर कॅमेरा नव्यासारखा राहतो.

वस्तुस्थिती: एलईडी वापराने मंद होतात हे खरं. पण पोलरायझरचा शत्रू आहे उष्णता आणि दमट हवा. ही फिल्म सहसा ताणलेल्या प्लास्टिकमध्ये आयोडीन मुरवून बनवतात, आणि दमट उष्णतेत ती रंग सोडते. थर चिकटवणारा गोंदही पिवळा पडतो. म्हणून मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला किंवा कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेला कॅमेरा न वापरताही म्हातारा होतो. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि वेळोवेळी वाळवलेलं सिलिका जेल पुरेसं आहे.

गैरसमज: तीन इंची स्क्रीन म्हणजे कुठलीही तीन इंची बसते, आणि व्हिडिओ बघून घरीच बसवता येते.

वस्तुस्थिती: माप जुळलं तरी रिबनचा कनेक्टर, त्यावरच्या तारांचा क्रम, बिंदूंची संख्या आणि बॅकलाइटचा पुरवठा जुळावा लागतो. त्याच मॉडेलचीच स्क्रीन हवी. जुन्या बॉडीतून काढलेली घेत असाल तर तीही तितकीच वयस्क आहे हे लक्षात ठेवा. बसवण्याआधी चालू करून दाखवायला सांगा.

घरी उघडण्यातला धोका खरा आहे. डी ३०० आणि डी ७०० मध्ये पॉप-अप फ्लॅश आहे, आणि त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा साठा बॅटरी काढल्यावरही काही काळ राहतो. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. शिवाय जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर लावला की खाच घसरून गोल होते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. धूळ-पाणी अडवणारी पट्टी नीट बसली नाही तर पहिल्याच पावसात कॅमेरा आतून भिजतो. हे काम ज्याचं आहे त्यालाच द्यावं.

गैरसमज: नवी स्क्रीन बसली की तिच्यावरचे रंग अचूक.

वस्तुस्थिती: दोन नव्या पॅनेलांतही थोडा फरक असतो. आणि रॉमध्ये काढलात तरी स्क्रीनवर दिसतो तो कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग नमुना. फोकस, चौकट आणि ढोबळ रंग पाहायला स्क्रीन चांगली. रंगाचा अंतिम निर्णय कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवरच घ्यावा.

गैरसमज: जुन्या मॉडेलचे पार्ट मिळतच नाहीत.

वस्तुस्थिती: उत्पादन थांबल्यावर कंपनी काही वर्षंच सुटे भाग ठेवते, हे खरं. लायकाच्या २००६ मधल्या एम ८ च्या स्क्रीनवर कॉफीसारखे डाग धरत. पुढे तिच्या स्क्रीन कंपनीकडेच संपल्या. पण निकॉन आणि कॅननच्या मॉडेलांची विक्री खूप जास्त झाली, त्यामुळे बंद बॉडीजमधले भाग बाजारात फिरतात. आधी अधिकृत सेवा केंद्रात विचारा. तिथे नकार मिळाला तर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुने कारागीर शोधा.

कॅमेरा देताना

बॉडी नंबर पावतीवर लिहून घ्या. सेटिंग्ज कार्डावर जतन करा, मग कार्ड आणि लेन्स काढून ठेवा. कोणता थर बदलणार, भाग नवा की जुना, आणि कामाची हमी किती दिवसांची, हे अंदाजपत्रकावर लिहून मागा. काढलेला भाग परत मागा. घेताना दुकानातच स्क्रीनवर पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी चौकट आणून बघा. पांढऱ्यावर डाग आणि काळ्यावर उजेडाची गळती लगेच दिसते. काम फसलं आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आहे. कोणत्या कंपनीने दुरुस्तीची कोणती माहिती दिली आहे ते तिथे पाहता येतं.

सेन्सर, शटर आणि फोकस नीट असलेला कॅमेरा निव्वळ फिकट स्क्रीनपायी भंगारात काढू नका. आधी नेमका कोणता थर गेला ते शोधा, लेखी अंदाज घ्या, आणि मगच पैसे काढा. तोवर हिस्टोग्राम बघून काम सुरू ठेवा.