हसवणारा वायू मोटारीच्या पोटात

दाढ काढताना दंतवैद्य जो वायू हुंगायला देतात, त्याच वायूची बाटली शर्यतीच्या मोटारीच्या डिकीत बांधलेली असते, असे सांगितले तर पुष्कळांना ती थाप वाटते. पण ती थाप नाही. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रीस्टलीने १७७२ साली प्रथम तयार केला. पुढे हम्फ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून पाहिला आणि ‘लाफिंग गॅस’ हे त्याचे नाव रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हाच वायू लढाऊ विमानांच्या इंजिनांत सोडला. उंचावर हवा विरळ होते, माणसाप्रमाणे इंजिनालाही धाप लागते, त्यावरचा तो उपाय होता. अमेरिकेतल्या हौशी शर्यतवाल्यांनी ही युक्ती जमिनीवर आणली. २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला आणि आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलांच्याही तोंडी ‘नॉस’ हा शब्द बसला. वास्तविक ‘नॉस’ हे किट बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे नाव, वायूचे नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करतो. त्याने २००० सालची एक वापरलेली फोर्ड मस्टँग जीटी घेतली. एके रात्री त्याचा फोन आला, “सर, दीडशे हॉर्सपॉवरचं किट स्वस्तात मिळतंय. बसवू का?” मी विचारले, “पेट्रोलचा पंप किती जुना आहे?” पलीकडे शांतता. मग म्हणाला, “सर, मी नायट्रसचं विचारतोय.” मी म्हटले, “मीही त्याचंच विचारतोय.”

हा घोटाळा बहुतेकांचा होतो. नायट्रस हे इंधन आहे असा समज असतो. ते इंधन नाही, ते स्वतः पेटत नाही. ते फक्त प्राणवायू वाहून आणते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये तो सुमारे ३६ टक्के. ज्वलनकक्षाच्या उष्णतेत नायट्रसचा रेणू फुटतो आणि हा प्राणवायू मोकळा होतो. शिवाय बाटलीतून द्रवरूपात आलेले नायट्रस उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे आत जाणारी हवा थंड, म्हणजे दाट होते. पण जादा प्राणवायू आला, की जादा पेट्रोलही त्याच क्षणी आले पाहिजे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला हवा सुमारे साडेचौदा ग्रॅम लागते, नायट्रस मात्र साडेनऊ ग्रॅमच पुरते. ताकद मिळते ती या वाढीव पेट्रोलातून. ते कमी पडले तर ज्वलन भलतेच तापते, इंजिन ठोके देऊ लागते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळतो. हे व्हायला मिनिट लागत नाही, काही सेकंद पुरतात. इंजिने बिघडतात ती बहुधा नायट्रस जास्त झाल्याने नव्हे, पेट्रोल कमी पडल्याने. किट निवडताना आणि बसवताना जे जे करायचे, ते याच एका धोक्याभोवती फिरते.

आता निवड. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. ‘ड्राय’ किट फक्त नायट्रस सोडते. जादा पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या इंजेक्टरांनी द्यायचे. ‘वेट’ किटमध्ये एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही फवारले जाते. तिसऱ्या तऱ्हेत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल असते. ते मोठ्या शर्यतींचे काम, हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या मस्टँगमध्ये ड्राय किट इंधनाच्या रेग्युलेटरवर दाब देऊन पेट्रोल वाढवीत असे. पण १९९९ पासूनच्या मस्टँगमध्ये जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळीच नाही, दाब संगणक सांभाळतो. तिथे ती जुनी युक्ती चालत नाही. म्हणून या गाडीला वेट किट बरे. त्याचाही एक तोटा आहे. या गाडीचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणारा भाग, प्लास्टिकचा आहे आणि तो केवळ हवेसाठी घडवलेला आहे. इंजिन हळू फिरत असताना त्यात पेट्रोल फवारले तर ते तळाशी साचते, आणि बॅकफायर झाला तर मॅनिफोल्डच्या चिंधड्या उडतात. म्हणून इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय नायट्रस सोडायचे नाही.

ताकद किती घ्यावी? या गाडीचे ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन मुळात २६० अश्वशक्तीचे. त्याचे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नव्हेत. किट बनवणारे मूळ स्थितीतल्या लहान व्ही-८ इंजिनाला साधारण १४० अश्वशक्तीपर्यंतची मर्यादा सांगतात, चार सिलिंडरच्या इंजिनाला ४० ते ६०. पण ती मर्यादा धडधाकट इंजिनाची. इतकी वर्षे धावलेल्या गाडीत प्रथम कॉम्प्रेशन तपासावे, इंधनाचा फिल्टर बदलावा आणि पूर्ण भार असताना पंप किती दाब टिकवतो ते मोजावे. मी त्याला ७५ वर थांबायला सांगितले. तो थोडा हिरमुसला. पण किट तेच राहते. फक्त ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रांच्या पितळी चकत्या बदलल्या की ताकद बदलते. एक चकती नायट्रसची, एक पेट्रोलची. या दोन्हींची अदलाबदल झाली तर मिश्रण बिघडेल. म्हणून जेटवरचा आकडा भिंगाखाली वाचूनच तो बसवावा.

बाटलीचे प्रकरण वेगळे आणि जास्त गंभीर आहे. सर्वसाधारण बाटलीत दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो नायट्रस द्रवरूपात असते. वीस अंश तापमानाला आतला दाब दर चौरस इंचाला सव्वासातशे पौंडांच्या वर असतो. किटला ९०० ते १००० हवा असतो. तो तीस अंशांच्या आसपास आपोआप मिळतो. पण ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. उन्हात बंद गाडीची डिकी याहून कितीतरी अधिक तापते. बाटली ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलेली असली, तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि दाब एकदम चढतो. त्यासाठी झडपेजवळ एक सुरक्षा-चकती असते. दाब हाताबाहेर गेला की ती फुटते आणि वायू मोकळा होतो. तो डिकीत किंवा बसायच्या जागेत मोकळा झाला तर आतल्यांचा श्वास कोंडेल. म्हणून चकतीपासून गाडीबाहेर जाणारी नळी बसवायची. अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत चालकाच्या कक्षातल्या बाटलीला ती सक्तीची आहे. बाटली पक्की बोल्टनेच बांधली पाहिजे, होज क्लिप किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या चालत नाहीत, असेही तो नियम सांगतो.

थंडीत बाटली गरम करायची असेल तर थर्मोस्टॅट असलेले विजेचे आवरण वापरावे. काही बहाद्दर गॅसची बत्ती लावतात. नायट्रस स्वतः जळत नसले तरी तापून त्याचा रेणू फुटू लागला की त्यातून मोठी उष्णता बाहेर पडते. कॅलिफोर्नियात मोहावी येथे २६ जुलै २००७ रोजी रॉकेटच्या एका चाचणीत नायट्रस ऑक्साइडचा स्फोट झाला. त्या वेळी रॉकेट पेटवलेलेही नव्हते, नायट्रस नुसते वाहून पाहत होते. तीन माणसे गेली. ती जाणकार माणसे होती. आपण बत्ती घेऊन बाटलीपाशी बसू नये.

बाटली आडवी बांधताना झडप गाडीच्या पुढच्या बाजूला आणि किंचित वर ठेवायची, लेबल वर. आतली शोषनळी मागे तळाशी वळलेली असते. गाडी वेगाने सुटली की द्रव मागे लोटला जातो आणि नळी त्यात बुडालेली राहते. उलट बांधली तर ऐन वेळी द्रवाऐवजी वायू येतो आणि मिश्रण बिघडते. भोके पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. मस्टँगच्या डिकीखाली पेट्रोलची टाकी आहे!

नायट्रसच्या मार्गात तेल किंवा ग्रीस यांचा थेंबही नको. दाबाखालच्या प्राणवायूवाहक वायूला तेल म्हणजे निमंत्रणच. जोडांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळायची आपल्या मिस्त्रींची सवय इथे घातक ठरते. टेपचा तुकडा सुटून सोलेनॉइड झडपेत अडकला, तर झडप पुरती मिटत नाही. मग गाडी उभी असताना नायट्रस मॅनिफोल्डमध्ये पाझरत राहते आणि किल्ली फिरवताच धडाका होतो. म्हणून किट बनवणाऱ्याने सांगितलेली पेस्टच वापरावी, आणि तीही फक्त निमुळत्या आट्यांवर.

विजेची जोडणी म्हणजे पहारेकऱ्यांची साखळी. एक मुख्य बटण. दुसरा स्विच अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच जुळणारा. तिसरा इंजिनाच्या फेऱ्यांचा, ३००० च्या खाली नायट्रस बंद ठेवणारा. याच स्विचने वरही बंदी घालायची. कमाल फेऱ्यांना पोचल्यावर गाडीचा संगणक पेट्रोल तोडतो. त्या क्षणी नायट्रस चालू असेल तर पिस्टनची शंभरी भरली. म्हणून त्या मर्यादेच्या काहीशे फेऱ्या आधीच नायट्रस थांबले पाहिजे. चौथा पहारेकरी पेट्रोलच्या दाबाचा. दाब घसरला की तो सगळेच बंद करतो. स्वस्त किटमध्ये नेमका हाच नसतो. त्या विद्यार्थ्याच्या दीडशेच्या स्वस्त किटातही नव्हता.

नायट्रसने ज्वलन झटपट होते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. दर ५० अश्वशक्तीला सुमारे दोन अंश, असा हिशेब आहे. प्लग एका पायरीने थंड जातीचे घ्यावेत. या इंजिनाच्या हेडमध्ये प्लगला धरणारे आटे मोजकेच असतात, म्हणून ते टॉर्क रेंचनेच आवळावेत. पेट्रोल जास्तीत जास्त ऑक्टेनचे.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. दाबाखालच्या वायूच्या बाटल्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. ते पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर हे किट घेऊन फिरायचा प्रश्नच नाही. अमेरिकेतही काही राज्यांत रस्त्यावर त्याला बंदी आहे. त्याची जागा पाव मैलाच्या बंदिस्त शर्यतपट्टीवर.

त्या विद्यार्थ्याने स्वस्त किट सोडून दिले. हिवाळाभर पैसे साठवले, नवा पंप घातला, वेट किट घेतले. वसंतात शर्यतपट्टीवर पहिल्या दिवशी त्याने नायट्रस न सोडता दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत ७५ चा जेट. फेरी संपताच बाटलीची झडप हातमोजे घालून बंद केली, नळीतला उरलेला वायू उघड्यावर सोडला आणि इंजिन निवल्यावर एकेक प्लग काढून भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक कण दिसले, तर समजायचे की पिस्टन वितळू लागला आहे आणि त्या दिवशी घरी जायचे. आठही प्लग त्याने मला फोटो काढून पाठवले. कण नव्हते. खाली एक ओळ होती, “सर, आता शंभरचा जेट लावू का?”

मी उत्तरात पुन्हा पंपाचा दाब विचारला.