विज्ञानकथात्मक संगणक खेळांतील शस्त्र व दारूगोळा व्यवस्था : 'मास इफेक्ट' मालिकेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

संगणक खेळ हे केवळ करमणुकीचे साधन नसून ते कथनाचेही एक माध्यम आहे. विज्ञानकथेवर आधारित भूमिकाप्रधान नेमबाजीच्या खेळांत दोन परंपरा एकत्र येतात. नेमबाजीच्या खेळात खेळाडूचे हस्तकौशल्य महत्त्वाचे असते, तर भूमिकाप्रधान खेळात पात्राने कमावलेले गुण निर्णायक ठरतात. शस्त्र हे या दोहोंचे संधिस्थान होय. बंदुकीत गोळ्या किती असाव्यात, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर खेळाची गती आणि कथेची विश्वसनीयता अवलंबून असते. कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या 'मास इफेक्ट' मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

शस्त्रांची काल्पनिक यंत्रणा :

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खेळात बंदुकीला काडतुसे लागत नाहीत. शस्त्राच्या आत धातूचा ठोकळा असतो. त्यातून वाळूच्या कणाएवढा तुकडा कापला जातो आणि वस्तुमान घटविणाऱ्या काल्पनिक क्षेत्राच्या साहाय्याने त्याला प्रचंड वेग दिला जातो. एका ठोकळ्यातून हजारो गोळ्या निघत असल्याने दारूगोळा जवळजवळ अमर्याद ठरतो.

या कल्पनेमागील तत्त्व मात्र शालेय भौतिकशास्त्रातील आहे. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या सम प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच लहान तुकडाही संहारक ठरतो. याच मालिकेत युद्धनौकेची तोफ 20 किलोग्रॅमचा गोळा प्रकाशवेगाच्या 1.3 टक्के वेगाने फेकते आणि त्याची शक्ती 38 किलोटन असल्याचे सांगितले जाते. गणित केल्यास हे उत्तर सुमारे 36 किलोटन येते. कल्पित विश्वाने स्वतःचे गणित बऱ्याच अंशी पाळले आहे, असे यावरून दिसते.

उष्णता : पहिली मर्यादा

गोळ्या अमर्याद असल्या तर खेळातील आव्हान संपते. त्यामुळे पहिल्या खेळात उष्णतेची मर्यादा घालण्यात आली. सतत गोळीबार केल्यास शस्त्र तापते, काही काळ बंद पडते व थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. येथे खेळाडूला वस्तूंचा साठा सांभाळावा लागत नाही, संयम सांभाळावा लागतो. तथापि शस्त्राला उष्णता कमी करणारी सुधारणा जोडण्याची सोय होती. अशा सुधारणा एकत्र केल्या असता काही शस्त्रे जवळपास न थांबता चालत आणि मूळ मर्यादाच निष्प्रभ होई.

थर्मल क्लिप : व्यवस्थेतील बदल

2010 च्या 'मास इफेक्ट 2' मध्ये ही व्यवस्था बदलली. उष्णता शोषून घेणारी व काढून टाकता येणारी 'थर्मल क्लिप' आली. ती तापली की फेकून नवी बसवायची. परिणामतः खेळ प्रचलित नेमबाजीच्या जवळ गेला. क्लिप वेचण्यासाठी खेळाडूला आडोसा सोडून पुढे यावे लागले आणि दुसरे शस्त्र वापरणे भाग पडले. त्याच वेळी पहिल्या खेळात शस्त्राला जोडले जाणारे गोळ्यांचे प्रकार आता पात्राच्या अंगची शक्ती बनले. शत्रूच्या विद्युत कवचासाठी एक प्रकार, चिलखतासाठी दुसरा, अशी निवड आवश्यक झाली.

या बदलाचे समर्थन कथेतही दिले आहे. गेथ या यंत्रमानवांच्या अनुभवानुसार अधिक वेगाने गोळ्या झाडणारा पक्ष विजयी होतो, म्हणून सर्वांनी क्लिप स्वीकारली. कथानायक शेपर्ड मधली दोन वर्षे मृतावस्थेत असल्याने हा बदल त्याच्या अनुपस्थितीत घडला, असे मानता येते. परंतु दोन शंका उरतात. क्लिप संपल्यावर शस्त्र पूर्वीप्रमाणे आपोआप थंड का होत नाही? तसेच दहा वर्षांपूर्वी कोसळलेल्या 'ह्युगो गर्न्सबॅक' या जहाजाच्या परिसरातही याच क्लिप कशा सापडतात? येथे खेळाच्या गरजेने कथेच्या तर्कावर मात केली आहे.

नंतरची वाटचाल :

2012 च्या तिसऱ्या खेळात शस्त्राच्या वजनाला महत्त्व आले. कोणतेही पात्र कोणतेही शस्त्र घेऊ शकते. मात्र भार वाढला की विशेष शक्ती उशिरा परत मिळतात. ही मर्यादा भूमिकाप्रधान परंपरेशी अधिक सुसंगत आहे, कारण ती खेळाडूला पात्राचे स्वरूप ठरविण्यास भाग पाडते. 2013 च्या 'सिटाडेल' या पुरवणी भागात जुन्या पद्धतीने तापणारी लॅन्सर रायफल परतली. 2017 च्या 'अँड्रोमेडा'मध्ये तर शस्त्राला जुनी उष्णताव्यवस्था जोडण्याची सोयच देण्यात आली. सोडून दिलेली व्यवस्था अशा रीतीने पर्याय म्हणून पुन्हा स्वीकारली गेली.

निष्कर्ष :

1. दारूगोळ्याची मर्यादा हा खेळाच्या अर्थव्यवस्थेचा पाया असून उष्णता, क्लिप व वजन ही तिची तीन रूपे होत.
2. प्रत्येक रूप खेळाडूकडून वेगळ्या गुणाची मागणी करते : उष्णता संयमाची, क्लिप हालचालीची, तर वजन पूर्वनियोजनाची.
3. नियम बदलल्यास कथेतील जगही त्या बदलाला जबाबदार राहिले पाहिजे. अन्यथा खेळ सुधारतो, पण त्या जगावरील विश्वास कमी होतो.

विज्ञानकथेत कल्पनेला मुभा असते. परंतु एकदा सांगितलेला नियम पाळण्याचे बंधनही तिच्यावर असते. संगणक खेळही या बंधनातून मुक्त नाही.