मासे आणण्याआधीचा महिना

खाऱ्या पाण्याची नवी टाकी दिसायला नितळ असते. तरी त्यात घाईने सोडलेला क्लाउनफिश काही दिवसांतच तळाशी जाऊन धापा टाकू लागतो. मीठ बरोबर असते, तापमानही बरोबर असते. नसतात ते जिवाणू.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे कुजले की त्यात भर पडते. अथांग समुद्रात तो विरून जातो, शंभर लिटरच्या टाकीत साचतो. शिवाय पाण्याचा पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी अंश मोठा. समुद्राचे पाणी ८.२ च्या आसपासचे. त्यामुळे पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत, एकूण अमोनिया तेवढाच असूनही, इथे विषारी भाग दहापटीहून जास्त भरतो.

यावरचा उतारा निसर्गात तयार आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. ही दुपेडी साखळी सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडली. पण हे जिवाणू फार सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतो. म्हणून टाकी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे त्यात हे जिवाणू रुजायला, चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात.

या काळात टाकीत मासा नको, सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुरतो. तो कुजू लागला की टेस्ट किटच्या नळीतला पिवळा रंग हिरवा होतो: अमोनिया आला. पुढे तो ओसरतो आणि नायट्राइट चढते. दोन्ही शून्यावर आली, नायट्रेट दिसू लागले, की जिवाणूंचा जम बसला म्हणायचे. त्यांची वस्ती मुख्यतः दगड, वाळू आणि फिल्टरच्या स्पंजवर असते. तो स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळावा.

आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, मालवणच्या प्रवाळांनाही. तेव्हा जिवाणू वसलेला ‘जिवंत’ दगड समुद्रातून उचलून आणायचा विचारही करू नये. कोरडा दगड घ्यावा; त्यावर जिवाणू नसतात, त्यामुळे वेळ तेवढा जास्त लागतो.

मिठाचे गणित त्यामानाने सोपे, पण स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही येतात. मॅग्नेशियम कमी पडले तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर हीटरवर धरतो. क्षारांचे तयार मिश्रण वेगळ्या बादलीत आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओतावे. घरच्या आरओ यंत्रात बऱ्याचदा चवीसाठी खनिजे परत मिसळलेली असतात, तेव्हा आधी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून पाहावा.

बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागेच राहते. शंभरातले पाच लिटर उडाले तर ३५ ची क्षारता ३७ च्या जवळ जाते. ही तूट साध्या आरओच्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे.

नायट्रेट वाढलेले असेल तर थोडे पाणी बदलून मग पहिला मासा आणावा, एकच. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच टिकते. दुसरा मासा दोन आठवड्यांनी, किट पुन्हा शून्य दाखवल्यावरच.