आकड्यांच्या रांगेतून अक्षर



संगणक हाताने लिहिलेली अक्षरे ओळखतो, हे तुम्ही ऐकले असेल. पण त्याच्याकडे येतात ते नुसते आकडे. त्यांतून अक्षर कसे उभे राहते, ते आज पाहू.

नेपाळमधील संशोधकांनी २०१५ साली हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात क ते ज्ञ ही ३६ अक्षरे आणि १० अंक, अशी ४६ चिन्हे आहेत. प्रत्येकाचे २,००० नमुने, म्हणजे एकूण ९२,००० चित्रे. प्रत्येक चित्र ३२ ठिपके रुंद व ३२ ठिपके उंच असते. काळ्या ठिपक्याला ०, पांढऱ्याला २५५ आणि मधल्या छटांना मधले आकडे. एका चित्राचे १,०२४ आकडे झाले. हे आकडे तक्त्यात भरताना एका चित्राला एक आडवी ओळ देतात. अशा ९२,००० ओळी आणि १,०२४ स्तंभांच्या तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात.

यात अडचण काय? मैदानावर १२ मुले एका रांगेत उभी आहेत असे समजा. गुरुजींनी त्यांच्या चार-चारच्या तीन ओळी केल्या. कोणी आले नाही, कोणी गेले नाही. पण १ आणि ५ क्रमांकाची मुले, जी रांगेत दूर होती, ती आता मागेपुढे आली. चित्राचेही तसेच. एका ठिपक्याच्या अगदी खालचा ठिपका रांगेत ३२ जागा दूर जातो. चित्रे ओळखणारे न्यूरल नेटवर्क बहुधा तीन बाय तीनची छोटी खिडकी चित्रावरून सरकवत शेजारचे ठिपके एकत्र पाहते. रेघ कुठे वळली, गाठ कुठे पडली, हे त्याला शेजाऱ्यांवरूनच कळते. म्हणून रांग मोडून पुन्हा चौकट करावी लागते.

नव्या रचनेला चार मिती असतात: चित्रांची संख्या, उंची, रुंदी आणि रंग. आपल्या उदाहरणात ९२,००० × ३२ × ३२ × १. रंगीत चित्र असते तर शेवटी १ ऐवजी ३ आले असते: लाल, हिरवा, निळा. गुणाकार करून पाहा. आधी आणि नंतर आकडे तितकेच, ९,४२,०८,०००. गुणाकार जुळला नाही, तर रचना बदलता येत नाही.

मात्र गुणाकार जुळला म्हणजे काम बरोबर झाले असे नाही. ओळीने लिहिलेले आकडे चुकून स्तंभाने भरले, तर आडव्या रेघा उभ्या होतात आणि अक्षर आडवे पडते. संगणक तक्रार करत नाही; चूक आपणच शोधायची. त्यासाठी एक-दोन चित्रे डोळ्यांनी पाहून घ्यावीत.

आणखी एक गोष्ट. या संग्रहात स्वर नाहीत आणि ‘ळ’ही नाही. आपल्या दिग्गीजवळ उगम पावणाऱ्या काळी नदीचे नाव ‘ळ’शिवाय लिहिता येत नाही. फक्त या ४६ चिन्हांवर शिकलेल्या नेटवर्कला ‘ळ’ दाखवला, तर ते त्यांपैकीच एखादे चिन्ह सांगेल. रचना कितीही बदलली तरी जे संग्रहात नाही ते त्यात येत नाही. ते कोणीतरी लिहूनच द्यावे लागते.

घरी करून पाहा: चौकटीच्या कागदावर ८ बाय ८ घरांत ‘ळ’ काढा. भरलेल्या घराला १, रिकाम्याला ० द्या. ६४ आकडे एका ओळीत लिहून आई-बाबांना द्या, पण रुंदी सांगू नका. अक्षर ओळखायला त्यांना किती वेळ लागतो ते बघा!